लफ्रॉइगला दवाखान्याचा वास का येतो आणि स्मोकी माल्टची पारख कशी करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लंडनहून आलेल्या मेव्हण्यांनी लफ्रॉइग १० ची (स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या, दहा वर्षं मुरलेल्या व्हिस्कीची) बाटली आणली. बूच काढल्याबरोबर आयोडीनचा, बँडेजचा, दवाखान्याचा वास आला. घरच्यांनी नाकं मुरडली. मित्र म्हणाला, "हीच खरी व्हिस्की, पीपीएम (धुराचा आकडा) जितका जास्त तितकी भारी." आता तुम्हाला कळून घ्यायचं आहे की हा वास असाच असतो का, आणि अशी व्हिस्की चांगली की सुमार हे ठरवतात कसं.

पहिल्याचं उत्तर लगेच देते. हो, असाच असतो, बाटलीत काही बिघाड नाही. दुसऱ्याला वेळ लागेल, कारण तुमच्या मित्राचं म्हणणं मला पटत नाही. सतरा वर्षं व्हिस्की चाखणं हेच माझं काम आहे. आधी एका आयातदाराकडे होते, आता परीक्षक म्हणून जाते आणि शिकवते. एवढ्या वर्षांत एक मत पक्कं झालंय: स्मोकी माल्टची (मोड आणलेल्या बार्लीच्या धुरकट व्हिस्कीची) लायकी धूर किती आहे यावर ठरत नाही, धुराच्या आड काय आहे यावर ठरते. खानदेशी भरीत आठवा. काड्यांवर भाजलेल्या वांग्याला धुराचा वास हवाच, पण घास घेतल्यावर वांग्याचा गोडवा लागला नाही तर ते भरीत फसलं. नुसता धूर हवा असेल तर चुलीपाशी बसावं.

आता हा धूर येतो कुठून ते बघू. पुष्कळांना वाटतं, पिंपं आतून जाळलेली असतात म्हणून व्हिस्की धुरकट होते. तसं नाही. बार्लीला मोड आणतात आणि ते वाढायचे थांबावेत म्हणून भट्टीत वाळवतात. बार्ली ओली असतानाच खालून पीटचा धूर सोडला की धुरातले फिनॉल तिच्या सालीला चिकटतात. पीट म्हणजे थंड, पाणथळ माळांवर हजारो वर्षं साचत गेलेले शेवाळ, गवत, झुडपांचे अर्धवट कुजलेले थर. ते विटांसारखे कापून वाऱ्यावर सुकवतात; आपल्याकडे गोवऱ्या रचतात तसे त्यांचे ढीग लागलेले असतात. झाडं कमी असलेल्या स्कॉटिश बेटांवर कित्येक शतकं हेच सरपण होतं. हौस म्हणून कुणी धूर दिला नाही, वाळवायला दुसरं जळणच नव्हतं.

फिनॉल हे रसायनांचं एक मोठं कुटुंब आहे. त्यातला ग्वायकॉल चुलीच्या, लाकडाच्या धुरासारखा लागतो. क्रेसॉलचा वास डांबराकडे, औषधाकडे झुकतो. आणि खुद्द फिनॉल म्हणजेच कार्बोलिक अॅसिड. १८६५ साली ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जोसेफ लिस्टर यांनी जखमा चिघळू नयेत म्हणून शस्त्रक्रियेत वापरलं ते हेच. जुन्या लाल लाइफबॉयचा वास याच घरातला, काळ्या फिनाईलचाही. म्हणजे तुमच्या नाकाला दवाखाना आठवला ती कल्पना नव्हती, नाकाने रसायन बरोबर ओळखलं. पहिल्याच दिवशी एवढं ओळखणारं नाक असेल तर पुढचं सगळं शिकता येतं.

मग सगळ्याच स्मोकी व्हिस्की दवाखान्यासारख्या का लागत नाहीत? इथे आपल्याकडचा एक शब्द कामी येतो. 'पहिल्या धारेची' म्हणजे कडक, अस्सल, असं आपण म्हणतो. स्कॉटलंडात मात्र गाळताना तांब्याच्या भांड्यातून येणारी पहिली धार बाटलीत जात नाही. ती बाजूला काढतात, मधली धार ठेवतात, शेवटची पुन्हा बाजूला काढून पुढच्या घाण्यात मिसळतात. मधल्या धारेच्या सुरुवातीला फळांसारखे गोड, हलके वास येतात आणि जड फिनॉल शेवटाकडे उतरतात. लफ्रॉइगमध्ये पहिली धार सुमारे ४५ मिनिटं बाजूला काढत राहतात, बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ. त्यात गोडव्याचा बराच भाग निघून जातो आणि औषधी वासाला आडोसा उरत नाही. उलट आर्डबेग डिस्टिलरीत बार्लीला धूर याहून जास्त दिलेला असतो, पण तिथल्या गाळण्याच्या दुसऱ्या भांड्याच्या नळीला एक प्युरिफायर जोडलेला आहे. तो जड वाफा परत भांड्यात पाठवतो. म्हणून आर्डबेग १० मध्ये भरपूर धुराच्या बरोबरीने लिंबाचा ताजेपणा लागतो.

तुमच्या मित्राचा पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, तो आता घेऊ. हा आकडा वाळवलेल्या बार्लीतल्या फिनॉलचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. आर्डबेगचा साधारण ५०-५५, लफ्रॉइगचा ४०-४५, लागावूलिन आणि कल ईलाचा ३५ च्या आसपास, बोमोरचा २५ च्या आसपास. बार्ली दळून, भिजवून, आंबवून, गाळून नवं स्पिरिट (ताजी गाळलेली, न मुरलेली दारू) हातात येईपर्यंत त्यातला मोठा भाग वाटेतच जातो. पिंपात वर्षं गेली की आणखी कमी होतो. ब्रुकलॅडी डिस्टिलरीच्या ऑक्टोमोर ८.३ या आवृत्तीच्या बार्लीचा आकडा ३०९ होता. ती आर्डबेगच्या सहापट धुरकट लागते का? मुळीच नाही. भांड्यांच्या उंच, अरुंद माना त्यातलं बरंच अडवतात. आकडा बघून व्हिस्की घेणं म्हणजे मसाल्याच्या पुड्यावर मिरचीचं वजन वाचून रस्सा कसा झालाय ते सांगणं.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा मला ठाण्यात मिळाला. गेल्या पावसाळ्यात आठ जणांचा वर्ग होता. मी निळ्या काचेचे ग्लास वापरते, रंग दिसत नाही. प्रत्येकासमोर दोन ग्लास ठेवले, नावं सांगितली नाहीत. एका ग्लासाला सगळे म्हणाले, यात धूर दुप्पट आहे. एका निवृत्त बँक अधिकारी बाईंनी वहीत लिहिलं होतं, "विझलेल्या चुलीवर पाणी शिंपडल्यावर येतो तो वास. खाली काळ्या मनुका." दुसऱ्या ग्लासाबद्दल त्यांनी लिहिलं, "तव्यावरची सुरमई, वर लिंबू. शेवटी राख, पण स्वच्छ राख." पहिला ग्लास लागावूलिन १६, दुसरा कल ईला १२. दोन्हींची बार्ली एकाच ठिकाणाहून येते, १९७३ मध्ये सुरू झालेल्या पोर्ट एलनच्या माल्टिंगमधून (बार्लीला मोड आणून वाळवण्याच्या कारखान्यातून), आणि धुराचा आकडाही जवळपास सारखाच. फरक भांड्यांत आहे. लागावूलिनला भांडी जवळजवळ काठोकाठ भरतात आणि सावकाश चालवतात. वाफेला तांब्याशी खेळायला जागाच मिळत नाही, म्हणून स्पिरिट जड आणि दाट उतरतं. कल ईलाची भांडी मोठी, आणि भरतात कमी. वाफ तांब्याला भिडत वर जाते आणि हलकी, स्वच्छ होऊन बाहेर पडते. त्यात वयाचा आणि पिंपांचा फरक आणखी. त्या बाईंच्या दोन ओळी मी अजून जपून ठेवल्या आहेत. इतक्या नेमक्या नोंदी मी परीक्षक मंडळांवरही क्वचित वाचल्यात.

इथेच एक मुद्दा सांगते, कारण आपली माणसं यात अडकतात. इंग्रजी पुस्तकांतले 'हीदर', 'किपर', 'ऑर्चर्ड फ्रूट' असे शब्द पाठ करू नका. ज्याचा वास कधी घेतला नाही त्याचं नाव घेऊन काय मिळणार? वासाच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. खमंग, करपट, जळकट, ओशट, कुबट, खवट, आंबूस, उग्र, हिवसट, तुरट: यातला प्रत्येक शब्द ग्लासातली वेगळी गोष्ट नेमकी दाखवतो. स्मोकी माल्टपुरत्या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या तरी पुष्कळ. चुलीचा धूर, थंड राख आणि करपलेलं. पहिल्या दोन गुणाच्या असू शकतात. करपट मात्र बहुधा दोषच, आणि ते जिभेच्या मागच्या बाजूला कडू होऊन बसतं.

आता प्रत्यक्ष चाखणं. ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता हवा. तो नसेल तर वाइनचा छोटा ग्लास चालतो, पण रुंद तोंडाच्या ग्लासात वास उडून जातो. २० ते २५ मिली पुरे. ओतून दहा-पंधरा मिनिटं नुसता ठेवून द्या. बर्फ नको, थंडीने वास मिटतो. त्या दिवशी अत्तर नको, शेजारी उदबत्ती नको, मसाला शेंगदाणे तर अजिबात नकोत. एकदा एका हॉटेलच्या सभागृहात आम्ही स्पर्धेचे नमुने तपासत होतो. आम्ही यायच्या आधी तिथे लेमनग्रासचा फवारा मारलेला होता. पहिल्या तीन नमुन्यांना चौघांनीही 'लिंबाचा ताजेपणा' लिहिला. चौथ्यालाही तोच यायला लागला तेव्हा आम्ही थांबलो, खोली बदलली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या तीनपैकी एकाचे गुण चांगलेच उतरले.

ग्लास हनुवटीपाशी धरा आणि हळूहळू वर न्या. नाक थेट आत खुपसू नका, अल्कोहोल झोंबेल आणि पुढची पाच मिनिटं वाया जातील. तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घ्या. पहिल्या हुंगण्यात धूरच धूर येईल. त्यावरून मत बनवू नका. धुराला नाक फार लवकर सरावतं. स्वयंपाकघरात असलेल्याला फोडणीचा ठसका कळत नाही आणि बाहेरून आलेला खोकायला लागतो, तसंच हे. तीन-चार वेळा हुंगलं की धूर मागे सरतो, आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते. मागून काय पुढे येतं? तुमच्या लफ्रॉइगमध्ये मला त्या क्षणी व्हॅनिला येतो, अमेरिकन बर्बनच्या पिंपांतून आलेला, आणि ओल्या समुद्री शेवाळाच्या खाली थोडा पिकलेल्या पेअरचा गोडवा. काहीच पुढे आलं नाही, धूर ओसरल्यावर नुसतं स्पिरिट आणि ओला पुठ्ठा उरला, तर ती व्हिस्की धुराच्या मागे लपलेली होती. कोवळ्या, घाईने बाटलीत भरलेल्या स्पिरिटमध्ये हे हमखास सापडतं. धूर कच्चेपणा छान झाकतो, आणि काही उत्पादक त्याचा फायदाही घेतात.

नाक थकलं तर स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्या. स्वतःच्या त्वचेचा ओळखीचा वास नाकाला पुन्हा जागेवर आणतो, आम्ही सगळे तेच करतो. एकाहून जास्त व्हिस्की चाखायच्या असतील तर बिनधुराच्या आधी, धुराच्या शेवटी. उलटा क्रम लावला तर नंतरच्या प्रत्येक ग्लासाला राखेचा वास येईल.

पहिला घोट छोटा घ्या आणि तो फक्त तोंड तयार करण्यासाठी. दुसरा घोट जिभेवर दहा-बारा सेकंद फिरवा. पाण्यासारखी पातळ वाटते की तेलकट? गोड आधी येतं की खारट? गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. स्मोकी माल्टचा अर्धा आनंद या बाहेर पडणाऱ्या श्वासात असतो, आणि तो न घेताच पुष्कळ जण पुढचा घोट घेतात. मग वाट बघा. धूर लांबत जाताना गोड होतो की कडू? चांगल्या व्हिस्कीत तो हळूहळू पातळ होतो आणि मधेच बडीशेप, मिरी, भाजलेलं साखरेचं काही असं डोकावतं. सुमार व्हिस्कीत सगळं मिनिटभरात सरतं आणि मागे सिगरेटचा थोटूक विझवल्याची चव राहते. परीक्षणात आम्ही घोट थुंकतो, पण धुराच्या बाबतीत मी एखादा थेंब तरी गिळते. त्याशिवाय शेवट कळत नाही.

पाणी घालायचं का? घाला, पण थेंबाथेंबाने आणि आधी कोरी चाखून झाल्यावर. याला आधार आहे. २०१७ साली स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी संगणकावर पाणी, अल्कोहोल आणि ग्वायकॉल यांचं मिश्रण उभं करून पाहिलं. अल्कोहोलचं प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली असतं तेव्हा ग्वायकॉल पृष्ठभागाकडे येतो, प्रमाण खूप जास्त असेल तर तो द्रवाच्या आत दडतो. ग्वायकॉल म्हणजे नेमका आपला चुलीचा धूर. त्यामुळे ५५-६० टक्क्यांच्या कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातून पाणी न घालता भरलेल्या) बाटलीला पाणी लागतंच. ब्लेंडर मंडळी (वेगवेगळ्या पिंपांतल्या व्हिस्की मिसळणारी) तर २० टक्क्यांपर्यंत उतरवून हुंगतात, कारण दोष तिथे उघडे पडतात. तुमची बाटली ४० टक्क्यांची असेल तर दोन-तीन थेंबांपलीकडे जाऊ नका, व्हिस्कीचा दाटपणा हरवतो.

दोषांपैकी एकाबद्दल मला जरा थांबून बोलायचंय: गंधक. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात मुरलेल्या काही व्हिस्कींमध्ये काडी ओढल्याचा, फटाक्यांच्या दारूचा, रबराचा वास येतो. नवशिक्यांना तो 'स्मोक' वाटतो आणि जाणतेही कधी फसतात. फरक असा ओळखा: पीटचा धूर नाकात पसरतो, गंधक टोचतो. शंका असेल तर थोडी व्हिस्की वेगळ्या ग्लासात घ्या, त्यात तांब्याची घासून स्वच्छ केलेली तार काही मिनिटं फिरवा आणि हुंगा, ती पिऊ नका. तांबं गंधकाच्या काही संयुगांना धरून ठेवतं. वास कमी झाला तर तो गंधक होता, धूर तांब्याने हलत नाही. डिस्टिलरीतली भांडी तांब्याची असण्याचं एक मोठं कारणही हेच. बाकी दोष सोपे आहेत: बुचाचा कुबटपणा, जुन्या लाकडाचा अति तुरटपणा, घामट वास. एकदा कळले की विसरत नाहीत.

रंगाकडे बघून काहीच ठरवू नका. स्कॉचमध्ये साधा कॅरॅमल रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. गडद म्हणजे जुनी, हे समीकरण चुकीचं आहे. वयाबद्दलही तेच. पिंपात धूर वर्षागणिक मवाळ होतो, म्हणून कमी वयाची बाटली जास्त धुरकट असते. लागावूलिनने २०१६ मध्ये आपल्या २०० व्या वर्षी ८ वर्षांची बाटली काढली. ती आणि १६ वर्षांची शेजारी ठेवून बघा. आठची धारदार, लिंबट, राखेची. सोळाची गोल, चहाच्या काढ्यासारखी, सुक्या मेव्याची. मला स्वतःला बहुतेक वेळा आठची आवडते. बरीच अनुभवी मंडळी याच्याशी असहमत आहेत, आणि त्यांचंही म्हणणं मला समजतं.

आणखी एक समज दूर करते. आयला बेट (लिहितात इस्ले, म्हणतात आयला, मराठी कानाला ऐकायला काहीही वाटो) म्हणजे धूर, असं नाही. त्याच बेटावरची बुनाहाव्हेन मुख्यतः बिनधुराची, आणि ब्रुकलॅडी आपल्या नावाने भरते तीही बिनधुराची. उलट स्काय बेटावरची टॅलिस्कर, ऑर्कनीवरची हायलंड पार्क, कॅम्पबेलटाउनच्या स्प्रिंगबँकमध्ये बनणारी लाँगरो आणि हायलंड्समधली आर्डमोर धुरकट असतात, प्रत्येक आपल्या तऱ्हेने. ऑर्कनीच्या पीटमध्ये हीदर (तिथल्या माळांवरचं झुडूप) भरपूर असतो; त्यामुळे धूर गोडसर, जवळजवळ मधासारखा येतो, दवाखाना नाही. घरच्यांनी नाक मुरडलं असेल तर त्यांना पुढच्या वेळी लफ्रॉइग देऊ नका. हायलंड पार्कने सुरुवात करा, मग टॅलिस्कर, मग कल ईला.

आणि जवळचं म्हणाल तर गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉन. तिची 'बोल्ड' चांगलीच धुरकट आहे, 'एडिटेड' हलकी. स्कॉच नव्हे, पण धुरासाठी लागणारं पीट स्कॉटलंडचंच. गोव्याच्या उकाड्यात पिंपातून वर्षाला सुमारे ८ टक्के उडून जातं, स्कॉटलंडात जेमतेम २. म्हणून थोड्याच वर्षांत लाकूड पुढे येतं आणि धुराला गुळाची, कोकोची जोड मिळते. लफ्रॉइगशेजारी 'बोल्ड' ठेवून चाखा. धूर तोच, पण हवा बदलली की काय होतं ते एका संध्याकाळी कळेल.

बाटली उभी ठेवा, आडवी नको. अल्कोहोलने बूच खराब होतं. उन्हापासून आणि गॅसच्या शेगडीपासून लांब. निम्म्याहून खाली उतरली की धूर हवेने फिका पडायला लागतो, मुंबईच्या उकाड्यात तर जास्तच. लफ्रॉइग सणासुदीसाठी राखून वर्षानुवर्षं पुरवू नका, वर्षभरात संपवा.

आणि आज रात्री चाखून झाल्यावर ग्लास धुऊ नका. झाकूही नका, ओट्यावर तसाच राहू द्या. सकाळी चहा घ्यायच्या आधी त्यात नाक घाला. अल्कोहोल उडून गेलेलं असेल आणि धुराने मागे काय ठेवलं ते नुसतं उरलं असेल. सुमार व्हिस्कीच्या ग्लासात शिळ्या अॅशट्रेचा वास येतो. चांगल्या व्हिस्कीच्या ग्लासात होळीहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी कपड्यांना येतो तसा गोड, सुका धूर असतो आणि त्याखाली थोडा व्हॅनिला. परीक्षणाच्या दिवशी दोन नमुन्यांचे गुण सारखे पडले की माझा निकाल मी या रिकाम्या ग्लासांवर दुसऱ्या सकाळी लावते.